थंडीत दाजीपूरला, गव्यांच्या भेटीला

मैत्रिणींनो, दिवाळीचा फराळ संपून रिकामे डबे घासून पालथे घातले, की घरोघरी एक प्रश्न हटकून निघतो : "यंदा थंडीत कुठं जायचं?" उत्तरही ठरलेलंच असतं. महाबळेश्वर, नाहीतर माथेरान. फार झालं तर कोकणात कुणाच्या तरी घरी. तिथं गेल्यावरही आपल्या हातचं लाटणं काही सुटत नाही, फक्त पोळपाट बदलतो! गेल्या डिसेंबरात मात्र आम्ही तिघीजणी एका वेगळ्याच ठिकाणी जाऊन आलो. त्याचीच ही हकीकत.

सुरुवात झाली एका फोटोपासून. माझी भाची अमेरिकेत डेन्व्हरला असते. तिनं मोबाइलवर एक फोटो पाठवला. चोहीकडे बर्फ, आणि पाठीवर बर्फाची शाल पांघरल्यासारखा एक केसाळ, दांडगा प्राणी मधोमध उभा. बायसन! त्यांच्या शहराला लागूनच रॉकी माउंटन आर्सेनल नावाचं अभयारण्य आहे. एके काळी तिथं रासायनिक शस्त्रांचा कारखाना होता. तो बंद झाला, जमीन साफसूफ झाली आणि २००७ साली तिथं बायसन आणून सोडले. लोक आपापल्या मोटारीत बसून फेरी मारतात आणि काचेआडून फोटो काढतात. बायसनच्या भागात खाली उतरायची परवानगी नाही. फोटोखाली भाचीनं लिहिलं होतं : "मावशी, आपल्या महाराष्ट्रातही बायसन आहेत म्हणे! तू पाहिलेस का?"

खरं सांगते, मी गप्पच बसले. तीस वर्षं मुलुंडला राहते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नॅशनल पार्कचा डोंगर दिसतो. बिबट्याच्या बातम्या आम्हाला रोजच्या. पण गवा? तो फक्त शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला. मुलानं नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना माझ्या गळ्यात घातला होता. त्यावर तोवर मी काढलेले फोटो म्हणजे नातवाचं बारसं, गच्चीतली जास्वंद आणि खिडकीतला कावळा. मनात म्हटलं, आता नाही तर कधी?

बोरिवलीच्या माझ्या नणंदेला, म्हणजे वन्संना, फोन केला. घाटकोपरची शाळेतली मैत्रीण तर एका पायावर तयार झाली. ह्यांनी आधी, "तिघीच?" असं विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "जा. आईंचं मी बघतो. फक्त गॅसजवळ एक कागद लावून जा, कोणत्या डब्यात काय आहे त्याचा." तो कागद दोन पानी झाला, हे सांगायला नकोच.

बायसन नव्हे, गवा

दाजीपूरच्या अभयारण्याला लोक अजून 'बायसनचं जंगल' म्हणतात. पण आपला गवा म्हणजे बायसन नव्हे. इंग्रज शिकाऱ्यांनी त्याला 'इंडियन बायसन' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. अमेरिकेतला बायसन निराळा. त्याच्या मानेवर, खांद्यावर दाट केस असतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते कोट्यवधी होते. बंदुकांनी त्यांची अशी वाताहत केली, की शतक संपताना हजारभरसुद्धा उरले नाहीत. आज जे दिसतात ते त्या थोडक्यांचे वंशज.

गवा हा आपल्या गाईगुरांचा रानातला भाऊबंद. आणि केवढा! पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो. आरे कॉलनीत किंवा जोगेश्वरीच्या तबेल्यात तुम्ही दांडगी म्हैस पाहिली असेल. गव्याचा नर तिच्याशेजारी उभा केला, तर ती रेडकू वाटेल. अंग काळंभोर, मानेपासून निम्म्या पाठीपर्यंत उंच वशिंडासारखा कणा, शिंगं बाहेर वळून वर गेलेली, पिवळसर आणि टोकाला काळी. आणि सगळ्यात गंमत म्हणजे चारही पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे! शाळेला निघालेल्या मुलानं मोजे वर ओढावेत तसे. माद्या थोड्या लहान आणि तपकिरी. वासरू जन्मतं तेव्हा सोनेरी तांबूस असतं, मोजे त्याला पुढे येतात.

आणि मैत्रिणींनो, कळप चालवते कोण? वयस्क मादी! मोठे नर बराच काळ एकेकटे भटकतात. कुठं चरायचं, कुठं पाणी प्यायचं, कधी निघायचं, हे म्हातारी ठरवते. हे वाचल्यावर वन्सं म्हणाल्या, "मग आपलंच घर की!"

जगातले बहुतेक गवे आपल्या भारतात आहेत. गोव्याचा तर तो राज्यप्राणीच. पण धोका टळलेला नाही. गावातल्या गुरांची बुळकांडी रानात शिरली, की पूर्वी गव्यांचे कळपच्या कळप जात. बुळकांडी जगातून गेल्याचं २०११ साली जाहीर झालं. पण लाळ-खुरकूत वगैरे रोग आहेतच. मध्य प्रदेशातल्या बांधवगडमध्ये तर १९९०च्या दशकात एकही गवा उरला नव्हता. २०११ पासून कान्हाच्या जंगलातून आणून ते तिथं पुन्हा वसवावे लागले.

तयारी : थोडी घरातली, थोडी जंगलातली

निघण्याआधी आठवडाभर आमची तयारी चालली होती. मुलानं सांगितलं, "आई, पहाटे उजेड कमी असतो, हात हलला की फोटो हलतो. तिपाई कुठं नेतेस? जीपमध्ये ती मांडताही येत नाही." यावर मी एक युक्ती केली. ह्यांच्या जुन्या पँटचा एक पाय कापला, एक तोंड शिवलं, आत दोन किलो मूग भरले आणि दुसरं तोंड शिवून टाकलं. ही उशी जीपच्या कठड्यावर टाकायची आणि तिच्यात लेन्स रुतवायची. कॅमेरा बाळासारखा स्थिर बसतो. परत आल्यावर शिवण उसवून मूग पुन्हा डब्यात! कोऱ्या पिशवीत बांधून भरले होते, त्यामुळे उसळ झाली तरी कुणाची तक्रार आली नाही.

कपडे मातकट रंगाचे. मैत्रिणीनं हौसेनं लाल शाल आणली होती, ती मी तिच्या बॅगेत तळाशी घालायला लावली. गव्याची नजर फार तीक्ष्ण म्हणत नाहीत, पण नाक मात्र विलक्षण. म्हणून अत्तर नको, गजरा नको, डोक्याला वासाचं तेल नको. राहता राहिल्या बांगड्या. हातातल्या काचेच्या बांगड्या काढायला मन घेईना. मग प्रत्येकीनं मनगटावर रुमाल घट्ट गुंडाळला. किणकिण बंद! सासूबाई म्हणाल्या, "बांगड्या भरायला नव्हे, बांधायला निघाल्यात सुना."

बरोबर दशम्या, तिळाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू आणि थर्मास. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस कल्याणला धरली आणि सकाळी कोल्हापुरात उतरलो. अंबाबाईचं दर्शन घेतलं, पोटभर मिसळ खाल्ली आणि कणकवलीच्या रस्त्याला लागलो. कोल्हापूरपासून दाजीपूर सुमारे ८० किलोमीटर. वाटेत उसाच्या गाड्या, गुऱ्हाळांचा गोड धूर, आणि मग डोंगर जवळ येऊ लागतात. राधानगरीला भोगावतीवरचं धरण लागतं. राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेलं हे काम. त्याचे दरवाजे पाणी चढलं की आपोआप उघडतात, हे ऐकून आम्ही गाडी थांबवलीच. पाठीमागे लक्ष्मी तलावाचं निळं पाणी आणि पलीकडे रान.

हे रान पूर्वी कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव. १९५८ साली गव्यांसाठी ते अभयारण्य झालं. महाराष्ट्रातलं हे पहिलं. १९८५ साली हद्द वाढली आणि राधानगरी वन्यजीव अभयारण्य असं नाव मिळालं. क्षेत्रफळ ३५१ चौरस किलोमीटर. आपलं बोरिवलीचं नॅशनल पार्क १०४ चौरस किलोमीटरचं, म्हणजे त्याच्या तिपटीहून मोठं. शिकाऱ्यांनी मारण्यासाठी राखलेलं रान, आज त्याच जनावरांना जगवतंय. दैवाची गंमत, दुसरं काय!

पहिली संध्याकाळ : विटकी चंद्रकळा

गावातल्या एका घरी उतरलो होतो. दुपारी नाचणीची भाकरी आणि झुणका खाऊन जीपनं जंगलात शिरलो. बरोबर गावचेच एक वाटाडे. पन्नाशीचे, डोक्याला टोपी, बोलणं मोजकं. आम्ही त्यांना मामा म्हणू लागलो.

आतलं रान दाट. जांभूळ, हिरडा, अंजन, खाली कारवीची दाटी. आपल्या राज्याचा प्राणी शेकरू, ती मोठी तांबडी खार, शेपूट फुलारून फांदीवरून फांदीवर गेली आणि मी कॅमेऱ्याचं झाकण काढेपर्यंत दिसेनाशी झाली! मधेच झाडी संपते आणि मोकळे सडे लागतात. कातळाची सपाट पठारं ती. थंडीत त्यावरचं गवत वाळून सोनेरी होतं. गवे दिवसा सावलीत रवंथ करतात आणि पहाटे-संध्याकाळी उघड्यावर येतात, म्हणून या दोनच वेळा महत्त्वाच्या.

ठक्याच्या वाड्याच्या वाटेवर पहिला गवा दिसला. सावलीत एकटा उभा असलेला नर. खरं सांगायचं तर आधी मला तो दिसलाच नाही. मला वाटलं दगड आहे. मग दगडानं कान हलवला! छातीत अशी काही धडधड झाली, की मुगाची उशी, मुलाच्या सूचना सगळं विसरले आणि वीस-पंचवीस फोटो काढून मोकळी झाले.

रात्री ते पाहिले आणि मनच उतरलं. काळाभोर गवा फोटोत करडा, विटक्या चंद्रकळेसारखा! मुलाला फोन लावला. तो हसून म्हणाला, "आई, कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम रंगाचं वाटतं. चौकटीभर काळं दिसलं, की तो ते उजळायला जातो. तू त्याला उजेड एक पायरी कमी करायला सांग. आणि पहाटे धुक्यात गवा असेल, तर उलटं. पांढरं बघून कॅमेरा सगळं काळवंडतो, तेव्हा एक पायरी वाढव." कॅमेऱ्यावर अधिक-उणेची खूण असते, तिचं काम हेच. इतकी वर्षं ते बटण म्हणजे मला शोभेचं वाटत होतं. मैत्रिणींनो, घरातल्या काळ्या मांजराचा नाहीतर देव्हाऱ्यातल्या काळ्या पाषाणाच्या मूर्तीचा फोटो काढतानाही हे करून बघा.

दुसरी पहाट : माझी चूक

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला संकोच वाटतो. पण ते वगळलं तर या लेखाला अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे सावराई सड्याकडे गेलो. थंडी अशी, की तोंडातून वाफा निघत होत्या. उतरायला परवानगी असलेल्या जागी मामांनी आम्हाला उतरवलं, चिमूटभर माती हवेत सोडून वारा कुणीकडचा ते पाहिलं आणि झाडाच्या आडोशाला उभं केलं. धुकं हळूहळू विरळ झालं. समोर, शंभरएक पावलांवर, कळप. मी मोजले : सात. त्यांत एक मादी आणि तिच्या पोटाशी तांबूस वासरू.

मला ते वासरू हवं होतं. लेन्समधून ते गवतात अर्धंच दिसत होतं. मधे एक झुडूप. मामा हातानं 'थांबा' म्हणत होते. पण मनात आलं, चार पावलं पुढे गेले तर काय बिघडणार आहे? एवढ्या लांबून आले, दोन पानी कागद गॅसजवळ लावून आले, पुन्हा कधी येणं होणार? आणि मी गेले. मामांना ओलांडून चार पावलं.

मादीनं मान वर केली. चरणं थांबलं. मग एकामागून एक सातही माना वर. मी बटण दाबतच होते. आणखी दोन पावलं टाकली. तेवढ्यात नाकातून जोरात हवा सोडल्यासारखा फूत्कार आला आणि सगळा सडा हादरला. कळप उधळला. वासरू गोंधळून एक क्षण भलत्याच दिशेनं, आमच्याच बाजूला धावलं, बावरून थबकलं. मादी मागे वळली. ती आमच्याकडे आडवी उभी राहिली, मान खाली घालून. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं, की हजार किलोच्या आसपासचा प्राणी म्हणजे काय. मामांनी माझा दंड धरला होता. कुणी श्वासही घेत नव्हतं. मग वासरू तिच्याकडे पळालं आणि दोघं झाडीत शिरली.

मामा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाले, "ताई, गव्यानं चरायचं सोडलं की समजायचं, आपण लई फुडं आलो. तितंच मागं फिरायचं. त्यो आपल्याकडं बगतोय म्हंजे त्याचं काम आपण मोडलं."

फोटोत काय मिळालं? सात पाठमोरी ढुंगणं आणि धुरळा.

जीपमध्ये कुणी बोललं नाही. माझ्या डोळ्यांसमोर भलतंच चित्र उभं राहिलं होतं. तुम्हालाही आठवत असेल. ९ डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडच्या वस्तीत एक गवा चुकून शिरला होता. सकाळी फिरायला निघालेल्यांनी पाहिला आणि बघता बघता गर्दी जमली. त्यानं वाट शोधायची आणि जिकडे जाईल तिकडे माणसं, मोबाइल, आरडाओरडा. काही तास ही धावपळ चालली. शेवटी भुलीची औषधं देऊन त्याला पकडलं, पण भीतीनं आणि दमछाकीनं खचलेलं ते जनावर वाचलं नाही. त्या दिवशी तो धावतानाचा व्हिडिओ माझ्या मोबाइलवर आला होता. मी काय केलं? "बापरे, बघा केवढा!" असं लिहून चार गटांवर पुढे पाठवला. संध्याकाळी तो मेल्याची बातमी आली तेव्हा "अरेरे" म्हटलं आणि भाजी फोडणीला टाकली.

त्या गर्दीतल्या कुणालाही त्याला मारायचं नव्हतं. प्रत्येकाला फक्त एक फोटो हवा होता, चार पावलं जवळून. सड्यावर मी टाकलेली पावलंही तीच होती. याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्यानंतर पंधरवड्याच्या आत, बावधनच्या बाजूला आणखी एक गवा दिसला. या वेळी लोकांना लांब ठेवलं, त्याला वाट मोकळी ठेवली, आणि तो आपल्या पायांनी रानात परत गेला. जनावर तसंच, शहरही तेच. फरक फक्त अंतराचा.

वहिनींचा गवा

दुपारी घरच्या वहिनी भाकऱ्या थापत होत्या. मी सकाळचं सांगितलं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "तुमी फोटू काढून जाता ताई, आमाला त्येच्यासंगं ऱ्हायचं हाय."

त्यांच्या दीड एकरात ऊस आहे. गव्यांना कोवळा ऊस फार आवडतो. एक कळप रात्रीत शिरला, तर खातो त्याहून तुडवतो जास्त. म्हणून थंडीच्या रात्री घरातले पुरुष शेकोटी पेटवून राखणीला जातात. आपण घोंगडीत गुरफटून झोपतो तेव्हा त्या घरात कुणीतरी जागं असतं. "आणि एकदा बिथरलं की मग त्ये माणूस बगत न्हाई. तुमी सकाळी त्येला पळवलासा, त्यो सांजच्याला कुनाच्या रानात जातुया कुनाला ठावं?"

हे मला सुचलंच नव्हतं. मी पळवलेला कळप कुठंतरी जाणारच ना? सरकार पिकाच्या नुकसानीची भरपाई देतं, पण रात्रीचं जागरण आणि जिवाची धास्ती कशात मोजायची? भाकरी घशाखाली उतरेना. वहिनींनीच वर ठेचा वाढला आणि म्हणाल्या, "खावा आता. उद्या जपून जावा म्हंजे झालं."

तिसरी पहाट

शेवटच्या पहाटे मी मामांना म्हटलं, "आज तुम्ही सांगाल तिथं बसते. हलणार नाही." त्यांनी आम्हाला सड्याच्या कडेला, कालच्यापेक्षा दुप्पट लांब बसवलं. दगडावर मुगाची उशी, उशीवर कॅमेरा. उजेड एक पायरी वाढवून ठेवला, कारण समोर नुसतं धुकं होतं. आणि बसलो.

अर्धा तास काही नाही. पाय बधिर झाले. वन्संनी डुलकी काढली. एक मोर ओरडला. मी विचार करत होते, घरी असते तर आत्तापर्यंत दोन डबे भरले असते, दूध तापलं असतं, कुणाचा तरी रुमाल हरवला असता. इतकी वर्षं सकाळी अर्धा तास नुसतं बसून काही पाहिल्याचं मला आठवत नव्हतं. आणि मग धुक्यातूनच, जणू धुक्याचीच झाली असावी अशी, एक काळी आकृती पुढे आली. मागून दुसरी. मग ती मादी. तीच की दुसरी, देव जाणे. तिच्यामागे वासरू.

ते चरत होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत चरत होते. गवत ओरबाडल्याचा आवाज इतक्या लांब येत होता. वासरानं आईच्या पोटाला ढुशी दिली आणि दूध प्यायला लागलं. तिनं त्याच्या शेपटीपाशी चाटलं. सूर्य वर आला तशी गवताची टोकं पेटल्यासारखी झाली आणि गव्यांच्या पाठींतून वाफ निघू लागली. मी मोजून अकरा फोटो काढले. मामांकडे पाहिलं. ते पुटपुटले, "बगा, एकानंबी मान वर केली न्हाई."

माझ्या कॅमेऱ्याला मिळालेलं सगळ्यात मोठं बक्षीस तेच.

परत मुलुंडला

त्यातला एक फोटो मोठा करून बाहेरच्या खोलीत लावलाय. ह्यांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, "अगं, एवढ्या लांब गेलीस, यात गवा कुठाय?" खरंच, चौकटीत बहुतेक गवत आणि धुकंच आहे. सासूबाई मात्र जवळ गेल्या आणि बोट लावत मोजू लागल्या. "हा एक. ही आई. हे पिल्लू. आणि इथं झाडाखाली अजून एक बसलाय, बघ." तो बसलेला मला आजवर दिसलाच नव्हता!

भाचीलाही तो पाठवला. तिनं उलट लिहिलं, "मावशी, इथंही नियम तोच. प्राण्यानं आपली दखल घेतली, की आपण जास्त जवळ गेलो." बघा, डेन्व्हरचे शिकलेले लोक आणि दाजीपूरचे मामा एकच गोष्ट सांगतात.

आणि ही गोष्ट फक्त दाजीपूरला जाणाऱ्यांसाठी नाही बरं. आपल्या मुलुंड, बोरिवली, ठाण्याच्या बाजूला बिबट्या कधी ना कधी दिसतोच. २०१८ च्या जानेवारीत मुलुंड पूर्वेला नाणेपाड्यात शिरलेल्या बिबट्यानं काही जणांना जखमी केलं होतं, ते आमच्या बाजूला अजून कुणी विसरलेलं नाही. वाट न सापडलेलं, गर्दीत कोंडलेलं जनावर हल्ला करतं. वाट मिळालेलं निघून जातं. आम्ही परतल्यावर महिन्याभरातच वन्संच्या सोसायटीच्या भिंतीवर रात्री बिबट्या दिसला. लोक मोबाइल घेऊन खाली धावले. आमच्या वन्सं, ज्या एरवी सोसायटीच्या मीटिंगलाही तोंड उघडत नाहीत, जिन्याच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कुणी पुढे जायचं नाही. मुलांना आत घ्या, दिवे लावा, वनखात्याला फोन करा. त्याला जाऊ द्या." दहा मिनिटांत तो आल्या वाटेनं डोंगरात गेला. फोटो कुणालाच मिळाला नाही. ओरखडाही कुणाला आला नाही.

तुम्ही जाणार असाल तर

डिसेंबर-जानेवारीत जा. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. निघण्याआधी प्रवेशाच्या वेळा आणि सुट्टीचा वार वनखात्याकडे विचारून घ्या. निदान दोन पहाटा हाताशी ठेवा, पहिली बहुधा चुकण्यातच जाते. गावातलाच वाटाड्या घ्या. तुमचे चार पैसे तिथल्या घरात जातात आणि रान राखण्यात त्या घराचाही वाटा राहतो. तो थांबा म्हणाला की थांबायचं. गरम कपडे एकावर एक घाला, ऊन चढलं की एकेक काढता येतो. थंडीतून आल्यावर कॅमेरा लगेच उबदार खोलीत उघडू नका, काचेवर दव धरतं; पिशवीतच तासभर राहू द्या. प्लॅस्टिकची पुडी रानात टाकू नका, हे आपल्याला सांगायची गरज नाही.

आणि लेन्स लहान असली म्हणून हिरमुसू नका. मोठ्या लेन्सपेक्षा मोठा धीर जास्त उपयोगी पडतो, आणि तो आपण बायकांनी दूध उतू जायची वाट बघत चुलीपाशी उभं राहून कमावलेला असतो.

मग, गॅसजवळ कागद लावून कधी निघताय?